माळाचं पाणी गावात का शिरलं: वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाचं प्रकरण

विदर्भात पूर म्हटलं की ३० जुलै १९९१ चं मोवाड आठवतं, वर्धा नदीनं उद्ध्वस्त केलेलं. अलीकडे जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली, तेही लक्षात राहिलं. इथं मांडलेल्या गावाजवळ मात्र नदी नाही. सगळ्यात जवळचा नाला अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि तो गावाच्या पातळीपर्यंत कधी चढलेला नाही. तरीही या गावातल्या एकतीस घरांत गुडघाभर पाणी शिरलं. असं पाणी बातमीत येत नाही. पंचनामा होतो, थोडी मदत मिळते, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच घरं पुन्हा बुडतात. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

गाव साधारण दोनशे दहा घरांचं. उत्तरेला बावीस हेक्टरचा माळ, त्याला लागून सोळा हेक्टर खाजगी शेती. या अडतीस हेक्टरांवर पडलेलं पाणी तीन ओघळींनी उतरतं आणि गावाच्या वरच्या अंगाला येऊन मिळतं. माळावर वीतभर मुरमाड माती आणि तिच्याखाली कातळ. गावठाणाची माती पांढरी. गावाच्या दक्षिणेला मात्र काळी भारी जमीन, तीन-चार हात खोल, भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही.

गावातून दोन मुख्य गल्ल्या उत्तर-दक्षिण उतरतात. खालच्या टोकाला जोडरस्ता आडवा येतो. त्याखाली एकच ६०० मिमी व्यासाच्या पाइपची मोरी. मोरीपलीकडे लवण, म्हणजे पाणी वाहून जायचा सखल पट्टा, आणि ते लवण चारशे मीटर शेतांतून जाऊन नाल्याला मिळतं. एकतीस घरं ही खालच्या गल्लीतली. बहुतेक शेतमजुरांची, निम्म्याहून जास्त मातीची. गावात सगळ्यात शेवटी ज्यांना जागा मिळाली, त्यांना ती इथं मिळाली.

समस्या

जुलैतल्या एका रात्री दोनच्या सुमारास पाणी शिरलं. महसूल मंडळाच्या नोंदीत त्या चोवीस तासांत ९२ मिमी पाऊस होता, म्हणजे ६५ मिमीची अतिवृष्टीची मर्यादा ओलांडलेली. पण मंडळाचं पर्जन्यमापक गावापासून नऊ किलोमीटरवर, तेव्हा गावात नेमका किती पडला हे त्या आकड्यावरून ठरत नाही. सकाळी मातीच्या भिंतींवर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर ओली रेघ होती. तिच्याखालचा पोपडा दोन दिवसांत गळून पडला. चुली विरघळल्या. ज्वारीची चुंगडी (पोती) भिजली आणि चौथ्या दिवशी त्यांना कोंब आले. गाळ निघाला तो काळा नव्हता, तांबूस मुरमाड होता. हा साधा पुरावा आधी कुणी नीट पाहिला नाही. हे पाणी माळावरचं होतं आणि त्या गाळानं ते सांगितलं होतं.

गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं एकच: एवढा पाऊस पूर्वीही पडायचा, घरात पाणी येत नव्हतं. हे म्हणणं बरोबर निघालं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागणी आली ती नाली मोठी करण्याची. त्याआधीच्या सहा वर्षांत याच नालीवर दोनदा खर्च झाला होता. तिसऱ्यांदा अंदाजपत्रक करण्याआधी पातळ्या मोजायच्या, असं ठरलं. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा. नाहीतर पैसा पुन्हा त्याच नालीत गेला असता.

काय मोजलं आणि काय सापडलं

मोजणीला फारसं काही लागलं नाही. वीस मीटर लांबीची पारदर्शक नळी, दोन लाकडी पट्ट्या, मोजपट्टी आणि वही. नळीत पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. बोटभर बुडबुडा राहिला तरी दोन-तीन सेंटिमीटरची चूक होते. उन्हात नळी तापली की बुडबुडे धरतात, म्हणून काम सकाळी नऊच्या आत. हातपंपाच्या ओट्यावर लाल ऑइलपेंटचा एक चौकोन काढून ती पातळी शून्य धरली आणि बाकी सगळ्या पातळ्या तिच्यापासून घेतल्या. पुढे वळणचराची, म्हणजे पाणी गावाबाहेर वळवणाऱ्या चराची, आखणी डंपी लेव्हलनं (पातळी मोजायच्या दुर्बिणीनं) झाली, पण गावातली गोम नळीनंच उघड केली.

पहिली गोष्ट रस्त्याची. खालच्या गल्लीत बारा वर्षांत दोनदा सिमेंट रस्ता झाला. दोन्ही वेळा जुना थर न उकरता वरच मुरूम, गिट्टी आणि काँक्रीट पडलं. रस्ता पूर्वीपेक्षा तीस सेंटिमीटर वर आला. ज्या ओट्यांवरून पूर्वी उतरून गल्लीत यायचं, ते ओटे आता रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली. पूर्वी गल्ली हीच नाली होती. मधे खोलगट, मातीची, तीन मीटर रुंद. सिमेंट रस्ता मधे फुगीर केला गेला, त्यामुळे पाणी दोन्हीकडच्या उंबऱ्यांशी लोटलं.

दुसरी गोष्ट नालीची. ती पंचेचाळीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची. वळणाजवळ चाळीस मीटरच्या लांबीत तिचा तळ उलटा चढत होता, सहा सेंटिमीटर. तिथं बारमाही सांडपाणी साचायचं, त्यात माती बसायची, वर गवत उगवायचं. स्वच्छ असताना आणि एक टक्का उतार असताना ही नाली सेकंदाला ०.३८ घनमीटर पाणी नेऊ शकते. गाळानं निम्मी भरली की क्षमता निम्मी राहत नाही, चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. कारण उरलेल्या उथळ पाण्याला तळाची आणि भिंतीची घासट जास्त लागते.

तिसरी गोष्ट वरून येणाऱ्या पाण्याची. हिशेब साधा आहे: क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर ताशी मिमीमध्ये आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिस्सा, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं, उत्तर सेकंदाला घनमीटर. माळाच्या टोकावरचं पाणी पंधरा-वीस मिनिटांत गावाशी येतं. म्हणून इथं दिवसभराच्या एकूण पावसापेक्षा त्या वीस मिनिटांचा जोर महत्त्वाचा. ताशी ६० मिमी जोर आणि निम्मं पाणी वाहतं असं धरलं तर ३८ × ०.५ × ६० ÷ ३६० = जवळपास ३.२. सेकंदाला बत्तीसशे लीटर. पाच हजार लीटरचा टँकर दीड सेकंदात भरेल एवढं पाणी, आणि समोर ०.३८ ची नाली. मोरीच्या पाइपचीही क्षमता जेमतेम ०.४.

चौथी गोष्ट लवणाची. नकाशात ते रुंद दिसत होतं. जागेवर एका शेतात ते नांगरून घेतलेलं, मधे धुरा (शेताचा बांध) घातलेला, पाण्याला उरलेली वाट दोन फुटांची.

विचारात घेतलेले पर्याय

नाली मोठी करणे. वरचं सगळं पाणी गावातूनच न्यायचं तर नाली १.२ मीटर रुंद आणि ०.९ मीटर खोल लागली असती. गल्ली तीन मीटरची. बंडी जाणार कुठून? शिवाय तेवढ्या नालीत पाण्याचा वेग सेकंदाला सव्वातीन मीटरच्या वर जातो. त्यात पडलेलं मूल हाती लागत नाही. हा पर्याय इथंच संपला.

घरोघर शोषखड्डे. यावर गावात बराच भर होता, कारण कामं दिसायला लागतात आणि निधीही मिळतो. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा म्हणजे १.८ घनमीटर. दगड भरल्यावर पाण्याला जागा उरते त्याच्या चाळीस टक्के, म्हणजे सुमारे सातशे लीटर. असे दोनशे खड्डे एकदम कोरडे असले तरी माळाच्या त्या लोंढ्याला पाऊण मिनिटही पुरत नाहीत. आणि काळ्या मातीतला खड्डा झड लागली की भरूनच राहतो. तळ मुरमाला लागेपर्यंत खोदला तरच तो पाणी पितो. शोषखड्डे सांडपाण्यासाठी चांगले आहेत. पुरासाठी त्यांच्यावर विसंबणं ही फसगत ठरली असती.

माळावर सलग समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले. साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल, दहा-दहा मीटरवर. हेक्टरी हजार मीटर चर आणि १८० घनमीटर साठा. बावीसपैकी सात हेक्टर कागदोपत्री झुडपी जंगल निघालं. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अशा जमिनी वनजमीनच मानायच्या हे पक्कं झालं आहे. त्याआधीही वन विभागाला डावलून तिथं कुदळ मारणं धोक्याचंच होतं. ते क्षेत्र सोडलं. एक हेक्टर उघडा कातळ. उरलेल्या चौदा हेक्टरांवर सुमारे २,५०० घनमीटर साठा होतो, म्हणजे त्या लोंढ्याची तेरा मिनिटं. पहिल्या सरीला हे चर उत्तम. चार दिवसांच्या झडीनंतर ते भरलेले असतात आणि पाचव्या दिवशीच्या मुसळधारीला काही देत नाहीत. तरी ते घ्यायचे ठरलं, मुख्यतः गाळ वरच अडावा म्हणून.

वळणचर. गावाच्या वर, माळाच्या पायथ्याशी, तिन्ही ओघळींचं पाणी धरून गावाला वळसा घालून लवणात सोडायचं. दोन दिशा होत्या. पश्चिमेकडून गेलं तर बरीचशी जमीन सरकारी, पण लांबी सातशे मीटर आणि उतार हजाराला एक. एवढ्या मंद उतारावर दरवर्षी गाळ बसणार. पूर्वेकडून ४२० मीटर, उतार हजाराला तीन, पण शेवटचे नव्वद मीटर खाजगी काळ्या जमिनीतून आणि पुढचं लवण दुसऱ्याच्या ताब्यात. माणसांशी बोलणी करता येतात, उताराशी करता येत नाहीत, या विचारानं पूर्व दिशा घेतली. निर्णय योग्य होता. बोलणी करायला मात्र फार उशीर झाला.

काय केलं

चर आणि वळणचर रोजगार हमीतून घेतले. माळ हा निस्तारपत्रकात (गावाच्या सामायिक जमिनींच्या वापराच्या नोंदीत) गुरचराईसाठी लिहिलेला. गुराखी सुरुवातीला विरोधात होते आणि त्यांचं कारण खरं होतं: चराच्या काठावरून गाय घसरली की पाय जातो. म्हणून दर शंभर मीटरवर सहा मीटरची मोकळी वाट ठेवली, आणि वाटा एकाखाली एक येऊ नयेत अशा तिरक्या पाडल्या. एका रेषेत आल्या असत्या तर त्याच वाटेची नवी ओघळ झाली असती.

वळणचराचं माप असं: तळ १.२ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक (दीड आडवा, एक उभा), खोदाई ०.९ मीटर, निघालेली माती खालच्या अंगाला बांध म्हणून. पाण्याची उंची एक मीटर धरून क्षमता सेकंदाला ३.३ घनमीटर येते. तिच्यावर तीस सेंटिमीटर मोकळी उंची. धरलेला पाऊस हा शेवटचा आकडा नव्हे, त्याहून जोराची सर दर काही वर्षांनी येणारच. खोदाई सुमारे ९६० घनमीटर. खोदलेल्या काठापासून बांधाच्या पायथ्यापर्यंत साठ सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडली. ती न सोडल्यास बांधाची माती पहिल्याच पावसात परत चरात येते. ओघळी जिथं चरात पडतात त्या तीन जागी तीन बाय दोन मीटरचे, मीटरभर खोल गाळखड्डे आणि समोरच्या बांधाला बोल्डरचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर.

इथपर्यंत सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात संपलं. लवण तसंच होतं. मोरीही तीच.

पहिल्या पावसाळ्यातली फूट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ताकदीची सर आली. वळणचरानं त्याचं काम केलं: सगळं पाणी गोळा करून लवणाच्या तोंडाशी आणून टाकलं. पुढे दोन फुटांची वाट. पाणी तुंबलं, वरच्या शेतातली तूर दोन दिवस पाण्यात उभी राहिली, मग धुरा फुटला आणि खालच्या शेतातलं पाऊण एकर सोयाबीन मातीसकट वाहून गेलं. त्याच वेळी काळ्या जमिनीतल्या नव्वद मीटरमध्ये बांधाला भगदाड पडलं. मे महिन्यात त्या बांधाला बोट जाईल अशा भेगा होत्या. पाणी आधी भेगेत शिरलं, मग आरपार गेलं. गावात पाणी आलंच, फक्त बावीस घरांत.

दुसऱ्या दिवशी लवण धरून बसलेल्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं माती टाकून चराचं तोंड बंद केलं. गावात त्याच्याबद्दल वाईट बोललं गेलं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर आजवर त्याच्या शेतात येणारं पाणी गावातून गाळून, हळूहळू यायचं. गावानं ते एका नळीसारखं करून त्याच्या धुऱ्यावर सोडलं, आणि त्याला कुणी आधी विचारलं नव्हतं.

इथली चूक क्रमाची होती. पाण्याची कामं खालून वर करायची असतात: आधी निकास, मग मोरी, मग गाव, शेवटी वळणचर. रोजगार हमीची मंजुरी आधी आली, मोरीची आली नाही, म्हणून जे मंजूर ते आधी खोदलं. त्या वर्षी फक्त माळावरचे चर करून वळणचर थांबवायला हवा होता. अर्धवट खोदून तोंड बंद ठेवणं हाही उपाय नव्हता, कारण भरलेला चर गावाच्याच डोक्यावर फुटला असता.

लवणाचा तिढा कसा सुटला

दोन वाटा होत्या. एक, अतिक्रमण म्हणून सरळ कारवाईची मागणी. दुसरी, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. या कलमाखाली नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला घातलेला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. पण दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. हे कलम शेती, चराई, झाडं, पिकं यांच्या नुकसानीसाठी आहे. घरात पाणी शिरलं म्हणून त्यावर दावा उभा राहत नाही. आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून अर्ज ग्रामपंचायतीनं केला नाही. ज्याची तूर पाण्यात उभी होती त्या वरच्या शेतकऱ्यानं केला, ऑगस्टमध्येच.

सोबत भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचे पैसे भरले. मोजणी दिवाळीनंतर झाली. नकाशातलं लवण शेतात स्पष्ट निघालं. ते आताच्या मालकानं नव्हे, त्याच्या वडिलांच्या काळात नांगरात गेलं होतं. ही गोष्ट सगळ्यांसमोर निघाल्यावर वातावरण निवळलं. तहसीलदारांच्या स्थळपाहणीच्या दिवशी दोन्ही शेतकरी, सरपंच आणि ग्रामसेवक शेतातच बसले आणि तोड निघाली.

शेतकऱ्याची भीती होती ती खोल घळीची, दरवर्षी काठ खाणाऱ्या. म्हणून लवण खोल आणि अरुंद न करता रुंद आणि उथळ करायचं ठरलं: तळ तीन मीटर, खोली साठ सेंटिमीटर, बाजू चारास एक. वर आठ मीटर रुंदी जाते, त्याच्या शेतात १८० मीटर लांबीला साधारण चौदा गुंठे. पण बाजू इतक्या सपाट की बैलजोडी आणि ट्रॅक्टर आडवे पार होतात, आणि तळाला गवत लावलं की काठ खचत नाही. उतार हजाराला आठ धरला तर पाण्याचा वेग सव्वा मीटर येतो. उघडी काळी माती तो सोसत नाही, हरळी आणि मारवेल धरलेली माती सोसते. गवत त्याचं, कापायचा हक्क त्याचा. वाहून गेलेल्या जागेवर गाळखड्ड्यांतला गाळ गावानं ट्रॉलीनं टाकून दिला. अर्ज तडजोडीनं निकाली निघाला.

मोरी, गल्ली आणि नाली

मोरीसाठी आधी सुचवलं गेलं ते १२०० मिमीच्या ह्यूम पाइपच्या दोन ओळी. क्षमता पुरेशी होती, उंची आड आली. पाइपची जाडी आणि वर किमान साठ सेंटिमीटर मातीचा थर धरला तर रस्ता आहे त्याहून सत्तर सेंटिमीटर वर उचलावा लागला असता, आणि गावाच्या खाली रस्त्याचंच धरण झालं असतं. ही गोष्ट अंदाजपत्रकाच्या कागदावर दिसत नव्हती, कारण त्यात रस्त्याचा छेद होता, गावाचा नव्हता. जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांसमोर हातपंपापासूनच्या पातळ्यांची वही ठेवल्यावर आराखडा बदलला: दोन गाळ्यांची स्लॅब मोरी, प्रत्येक गाळा दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच. रस्ता होता तिथंच राहिला. मोरीच्या तोंडाशी आणि मागे तीन-तीन मीटर दगडी पिचिंग.

खालच्या गल्लीतला १४० मीटर सिमेंट रस्ता फोडला. चांगला रस्ता फोडायचा म्हणजे गावात कुरकुर होणारच, ती झाली. नवा रस्ता सगळ्यात खालच्या ओट्यापेक्षा वीस सेंटिमीटर खाली आणि मधे सात सेंटिमीटर खोलगट. नालीचा उलटा चढणारा चाळीस मीटरचा तुकडा फोडून तळ पुन्हा ओतला. बाकीची नाली तशीच ठेवली. गावठाणाचं स्वतःचं पाणी सेकंदाला ०.७ घनमीटर येतं आणि दोन गल्ल्यांच्या दोन नाल्या मिळून ०.७६ नेतात. माळाचं पाणी बाजूला गेल्यावर जुनी नालीच पुरेशी ठरली.

पैशांची विभागणीही ध्यानात घेण्यासारखी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग बंधित होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. सांडपाण्याचे शोषखड्डे त्यातून झाले, तेही मुरूम लागेल अशाच जागी. गल्ली अबंधित भागातून. मोरी रस्त्याच्या मालकाकडून, म्हणजे जिल्हा परिषदेकडून.

वळणचराचे काळ्या जमिनीतले नव्वद मीटर नव्यानं केले. बाजू दोनास एक, आतून दगडी पिचिंग, बांधाचा पाया तीस सेंटिमीटर खोल उकरून त्यात मुरूम, आणि वर वीस-वीस सेंटिमीटरचे थर पाणी मारून धुम्मसानं ठोकलेले.

परिणाम

दुसऱ्या पावसाळ्यात एका दिवशी मंडळात १०८ मिमी नोंद झाली. एकतीसपैकी सत्तावीस घरांत पाणी आलं नाही. चार घरांत घोटाभर आलं. ती घरं गल्लीच्या कोपऱ्यावरची. तिथं गाड्या चढवण्यासाठी नालीवर सिमेंटचे उतार टाकले होते आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिक आणि पऱ्हाट्या अडकल्या. आता तिथं उचलता येणाऱ्या लोखंडी जाळ्या बसवायच्या आहेत. दोन बसल्या, दोन घरमालक तयार नाहीत.

धुरा फुटला नाही. लवणातलं गवत पहिल्या वर्षी विरळ होतं, काही ठिकाणी तळ खरवडला गेला. तिथं हरळीचे गड्डे पुन्हा लावले. गाळखड्डे मात्र अंदाजापेक्षा लवकर भरले, जुलैअखेरीसच. पावसाळ्याच्या मधे एकदा उपसावे लागतात, हे आधी धरलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रमाबद्दल वर लिहिलंच आहे. त्याखेरीज, लवणाच्या मोजणीचा अर्ज पहिल्या ग्रामसभेच्या दुसऱ्याच दिवशी द्यायला हवा होता. पंधरा महिने आणि एका माणसाचं पीक वाचलं असतं. त्या शेतकऱ्याला आखणीच्या दिवशी बोलावलं असतं तर रुंद-उथळ लवणाची कल्पना तेव्हाच पुढे आली असती, कारण ती अर्धी त्याचीच होती. काळ्या मातीतला बांध पहिल्यापासून मुरूम घालून करायला हवा होता. रोजगार हमीत साहित्याचा वाटा चाळीस टक्क्यांत बसवायचा म्हणून पिचिंग वगळलं गेलं आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागलं. गावात स्वतःचं पर्जन्यमापक पहिल्या वर्षी नव्हतं. आता शाळेच्या आवारात आहे. सकाळी साडेआठला नोंद होते, आणि सर जोराची असेल तर दर पंधरा मिनिटांनी.

देखभालीचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलं आहे. मृग लागण्याआधी नाल्या, मोरी आणि गाळखड्डे. जुलैअखेर गाळखड्डे पुन्हा. पोळ्यानंतर बांधावरून चालत जाऊन उंदरांची आणि खेकड्यांची बिळं बुजवणं. गाळ शेतकऱ्यांना फुकट, वाहतूक त्यांची. ग्रामसभेचा ठरावही आहे: गावात कुठलाही सिमेंट रस्ता जुना थर उकरल्याशिवाय होणार नाही आणि त्याची पातळी हातपंपाच्या लाल चौकोनापासून मोजून अंदाजपत्रकात लिहिली जाईल.

एक प्रश्न अजून उघडा आहे. घरकुलांसाठी जागा मागणारी नऊ कुटुंबं आहेत आणि गावठाणात मोकळी जागा उरली ती वळणचराच्या बांधाखालीच. बांध फुटला तर पहिलं पाणी त्याच घरांत जाईल. ग्रामसभेनं बांधापासून पंधरा मीटरची पट्टी मोकळी ठेवायचं ठरवलं आहे. पण ठराव वहीत आहे, नकाशात नाही. वळणचर आणि ती पट्टी गावाच्या नकाशावर चढवण्याचा अर्ज केलेला आहे, आणि या नऊ कुटुंबांसाठी पश्चिमेच्या अंगाला जागा शोधणं चालू आहे.